फडणीस, पाटीलबावा आणि नगरचा किल्ला

तिसगावहून पश्चिमेला निघाले की करंजीचा घाट ओलांडून रस्ता नगरला पोहोचतो. पूर्वेला पाथर्डी, आणि पाथर्डीच्या पुढे बीड जिल्हा. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेला जाणारी माणसे या रस्त्याला चांगली ओळखतात. तिसगावाभोवती शंभर-सव्वाशे किलोमीटरचे रिंगण धरले, तर त्यात चार जागा येतात. एक नगरचा भुईकोट. दुसरी जामखेड तालुक्यातले खर्डा. तिसरी पारनेर तालुक्यातल्या जामगावचा वाडा आणि चौथी श्रीगोंदा, ज्याला जुन्या कागदांत चांभारगोंदे म्हणतात. माणसे या चारही ठिकाणी जातात, पण सुटी सुटी जातात. किल्ल्यावर नेहरूंची कोठडी बघायला, खर्ड्याला लढाईच्या नावासाठी, जामगावला महादजी शिंद्यांच्या वाड्यासाठी. या चार जागांना ओवणारा एक धागा आहे. तो म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांतल्या दोन मोठ्या माणसांचे भांडण.

नाना फडणीस आणि महादजी शिंदे.

असे धागे पायी उलगडून दाखवायची कला न्यूयॉर्कने चांगली जमवली आहे. तिथे अलेक्झांडर हॅमिल्टन आणि आरन बर या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मागावर पर्यटकांना चालत फिरवले जाते. एक अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री, दुसरा पुढे उपाध्यक्ष झालेला वकील. वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी ट्रिनिटी चर्चच्या आवारात हॅमिल्टनची कबर आहे. तिथून थोड्या अंतरावर फ्रॉन्सेस टॅव्हर्न आहे, जिथे ४ जुलै १८०४ रोजी दोघे एकाच मेजवानीला हजर होते. पुढच्याच आठवड्यात, ११ जुलैला, हडसन नदीपलीकडे वीहॉकनला दोघांनी एकमेकांवर पिस्तुले रोखली आणि दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन वारला. बरने १७९९ मध्ये शहराला पाणी पुरवायच्या नावाखाली कंपनी काढली आणि तिच्या आडून बँक उभी केली. ते ठिकाणही याच वाटेवर लागते. २०१५ मध्ये हॅमिल्टनवरचे संगीत नाटक गाजले आणि तीच गोष्ट जगभर पोहोचली. सगळे अंतर अर्ध्या दिवसात चालून होते. दोन माणसे, एक शहर, एक गोळी.

आपल्याकडची जोडी त्याच काळातली आहे. १७९२ मध्ये वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात हॅमिल्टन आणि जेफर्सन एकमेकांची तक्रार करत होते, त्याच वर्षाच्या जून महिन्यात महादजी शिंदे उत्तरेतून फौज घेऊन पुण्याला आले. पण नाना आणि महादजींचे भांडण गोळीने संपले नाही. ते बारा वर्षे हिशेबाच्या वहीत, पत्रांत, दरबारातल्या बसण्याच्या जागेत आणि मध्यस्थांच्या निरोपांत चालले. म्हणून त्याचा माग काढायला एक शहर पुरत नाही. पुण्यात सुरुवात होते आणि हिशेब नगर जिल्ह्यात मिटतो.

सुरुवात पुण्यातच करावी, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाशी. दरवाजाचे तोंड उत्तरेला आहे. आतले महाल १८२८ च्या आगीत गेले आणि तट, दरवाजे, कारंज्यांच्या खुणा तेवढ्या उरल्या. वाड्याजवळच नानांचा वाडा आहे. १७८० च्या सुमारास तो बांधला, आणि त्याचा काही भाग अजून उभा आहे. लाकडी खांबांवरचे नक्षीकाम, अरुंद जिने, एवढी जवळीक की पेशव्यांच्या दारात कोण आले हे नानांना कळायला वेळ लागू नये. तिथून लक्ष्मी रस्त्यावर बेलबाग. गणपतीच्या मिरवणुकीत बेलबाग चौकाचे नाव प्रत्येक पुणेकराच्या तोंडी असते, पण हे देवस्थान नानांनी उभारले हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

महादजींची जागा मात्र या पेठांत नाही. तिच्यासाठी सहा-सात किलोमीटर लांब वानवडीला जावे लागते. शहरात वाडा बांधून राहणारा हा माणूस नव्हता. त्यांचे घर छावणीत. वानवडीच्या तळाजवळ त्यांनी महादेवाचे देऊळ बांधले आणि तिथेच त्यांची समाधी झाली. आज आपण बघतो ती शिंद्यांची छत्री, रंगीत काचांची, ग्वाल्हेरच्या घराण्याने पुढे वाढवलेली. एका टोकाला वाड्याच्या सावलीत बसलेला कारभारी, दुसऱ्या टोकाला शहराबाहेर तळ ठोकलेला सरदार. नकाशावर ही दोन ठिकाणे बघितली तरी भांडणाचे अर्धे कारण कळते.

दोघेही पानिपतातून वाचलेले. १४ जानेवारी १७६१ ला नाना अठरा वर्षांचे होते. आई, बायको बरोबर होत्या. रणातून निसटून ते कसेबसे परतले, पण आई परत मिळाली नाही. हे सगळे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, आणि मराठीतल्या फार थोड्या जुन्या आत्मकथनांपैकी ते एक आहे. महादजींच्या पायावर घाव बसला आणि तो पाय जन्मभर अधू राहिला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि पुढे मोठा सरदार केले. म्हणजे एकाने त्या दिवशी आई गमावली आणि एकाने पाय. पुढे तीस वर्षे एकाने दौलत सांभाळायचा ध्यास घेतला, दुसऱ्याने उत्तर परत मिळवायचा. हे दोन्ही ध्यास त्या एकाच मैदानातून निघाले होते.

लोकांनी पेशवाईच्या मुत्सद्द्यांना ‘साडेतीन शहाणे’ म्हटले. त्यातले अर्धे शहाणे म्हणजे नाना, कारण बुद्धी पूर्ण असली तरी तलवार त्यांच्या हातची नव्हती. हा उल्लेख कुणाला टोमण्यासारखा वाटतो. पण त्यातून कारभाराची खरी अडचण कळते. तलवार दुसऱ्याच्या हातात असेल, तर त्या दुसऱ्याची गरज आणि धास्ती एकदमच बाळगावी लागते.

नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्यांचे काका रघुनाथराव यांना गादीपासून दूर ठेवायला कारभारी एकत्र आले, ते बारभाई. पुरंदरावर एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने राज्य चालू लागले. इंग्रज रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढले, तेव्हा जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना शरण यावे लागले. त्या वेळी नाना आणि महादजी एका बाजूला होते आणि दोघे मिळून काय करू शकतात हे इंग्रजांनी तिथे पाहिले. पुढे १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. तो महादजींनी ठरवला. नानांनी मात्र त्यावर मोहोर उठवायला डिसेंबरपर्यंत वेळ घेतला. म्हैसूरचा हैदर अली तोवर इंग्रजांशी लढत होता आणि तह लांबला तर इंग्रजांवरचा ताण राहील, असा त्यांचा हिशेब होता. तह करणारा आपला वजनदार सरदार, आणि तो अडवणारा आपलाच कारभारी. दुरावा इथे पहिल्यांदा उघड दिसतो.

त्यानंतर महादजी उत्तरेत रुजले. १७८४ मध्ये बादशहा शाहआलमने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केले आणि त्यांचे नायब म्हणून सारा कारभार महादजींच्या हाती दिला. द बॉयन या फ्रेंच भाषक अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या. मध्ये १७८७ ला लालसोटला पीछेहाट झाली, दिल्ली हातची गेली, गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले. महादजींनी दिल्ली परत घेतली आणि गुलाम कादिरला पकडून ठार केले. या संकटात नानांनी मदतीला तुकोजी होळकर आणि अली बहादूर यांना पाठवले खरे, पण ही मदत आहे की पाळत, हे महादजींना शेवटपर्यंत कळले नाही. संशय अगदीच निराधार नव्हता. उत्तरेत शिंदे एकटे मोठे होऊ नयेत, हे पुण्याचे जुने धोरण होते.

पैशाचा वाद त्याहून चिवट होता. पुणे म्हणे, हिंदुस्थानचा वसूल कुठे गेला त्याचा हिशेब द्या. शिंदे म्हणत, फौजेवर कोट्यवधी रुपये खर्च केले, सरकारच आम्हाला देणे लागते. फडणिसी म्हणजे हिशेब, आणि नाना जन्माने फडणीस. मैदानात कर्ज काढून पलटणी पोसणाऱ्याला ही मागणी अपमानाची वाटली असणार. फडावर बसलेल्याला ती न करणे म्हणजे नोकरीशी बेइमानी. दोघेही आपापल्या जागी खरे होते असे कागद वाचताना वारंवार वाटते.

१२ जून १७९२ ला महादजी पुण्यात पोहोचले. दहा दिवसांनी शहराबाहेर मोठ्या शामियान्यात बादशाही फर्मान आणि खिलत स्वीकारायचा सोहळा झाला. नानांचा आक्षेप होता: पेशवे साताऱ्याच्या छत्रपतींचे सेवक, त्यांनी दुसऱ्या गादीची वस्त्रे कशी घ्यावीत? शेवटी साताऱ्याहून परवानगी आणली आणि समारंभ पार पडला. बादशहाच्या नावाने मांडलेल्या रिकाम्या तख्तापुढे अठरा वर्षांच्या पेशव्याने मुजरा केला, मोहरांचा नजराणा ठेवला, फर्माने वाचली गेली. त्यात गोवधबंदीचेही एक होते.

याच भेटींतली महादजींची एक गोष्ट इंग्रज इतिहासकारांनी लिहून ठेवली आणि ती मराठी पाठ्यपुस्तकांपर्यंत आली. दरबारात हिंदुस्थानचा हा सर्वांत बलाढ्य सरदार सगळ्यांच्या खाली जाऊन बसला. पेशव्यांनी वर बोलावले, तेव्हा काखेतले गाठोडे सोडून त्याने नवे जोडे काढले, पेशव्यांच्या पायांपुढे ठेवले आणि हाच माझ्या बापाचा धंदा असे सांगितले. राणोजी शिंदे पेशव्यांचे जोडे सांभाळत, ही आठवण त्यामागे होती. कागदोपत्री मोठमोठे किताब असताना स्वतःला पाटील म्हणवून घेणारा, आणि लोकांनीही ‘पाटीलबावा’ म्हणावे असा हा माणूस. या जोड्यांत नाटक होते का? थोडे असेल. पण त्या सभेत बसलेल्या ब्राह्मण कारभाऱ्यांना त्याचा अर्थ नेमका कळला असणार: धनी पेशवे आहेत, तुम्ही नाही.

जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार त्याच सुमारास पुण्यात होता. त्याने सवाई माधवरावांजवळ बसलेले नाना रंगवले आणि महादजींचेही चित्र काढले. नाना सडपातळ, चेहरा ताणलेला. महादजी भरलेले, सावळे, स्वस्थ बसलेले. संगमावर इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट राहत होता आणि या दोघांतले अंतर किती रुंदावते आहे याची खबर कलकत्त्याला कळवत होता.

पुण्यातल्या त्या पावणेदोन वर्षांत महादजींनी तरुण पेशव्याला शिकार, रंग, मोकळी हवा दिली. सवाई माधवरावांच्या रंगावर शाहीर प्रभाकरांनी रचना केली आहे. लहानपणापासून कडक देखरेखीत वाढलेल्या पोराला पाटीलबावा आवडले यात नवल नाही. उत्तरेत जून १७९३ मध्ये लाखेरीला द बॉयनच्या पलटणींनी तुकोजी होळकरांचा पराभव केला आणि महादजींचे पारडे अधिक जड झाले. नानांनी कारभार सोडून काशीला जायची भाषा केली. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके मधे पडले, शपथक्रिया झाल्या, हिशेबाचा काही निकाल लागला आणि दोघांत दिलजमाई झाली.

आणि मग १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीच्या छावणीत महादजी तापाने गेले. इंग्रजी तारखेने पाहिले तर नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. त्या दिवशी ते बावन्न वर्षांचे झाले होते.

इथून वाट नगर जिल्ह्यात येते.

महादजींना मुलगा नव्हता. त्यांच्या भावाचा नातू दौलतराव, वय चौदा-पंधरा, गादीवर आला. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला हैदराबादच्या निजाम अलीशी गाठ पडली. नाना स्वतः छावणीत होते. सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन, आणि त्यांच्याबरोबर शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले. शिंद्यांच्या बाजूने जिवबादादा बक्षी आणि महादजींनी घडवलेल्या त्याच कवायती पलटणी. निजाम रात्रीच्या घबराटीत खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, कोंडला गेला, पाण्यावाचून हैराण झाला आणि शरण आला. त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली झाला. निंबाळकरांचा तो किल्ला आजही गावालगत आहे. आत उभे राहिले तर त्याची व्याप्ती किती लहान हे कळते आणि एवढ्या जागेत निजामाचा लवाजमा कसा मावला असेल असे वाटते. मराठी सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र लढले ते इथे शेवटचे. विजय नानांच्या नावावर गेला. पलटणी महादजींच्या होत्या. हयातीत दोघांचे जे नीट जुळले नाही, ते एकाच्या मरणानंतर वर्षभराने खर्ड्याच्या माळावर जुळले. नगर जिल्ह्याची ही वाट आखायची झाली तर तिचे शिखर हेच धरावे.

सात महिन्यांनी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गणेश महालावरून खाली पडून गेले. गादीचा घोळ सुरू झाला. नाना पुण्याबाहेर पडले, महाडला गेले आणि तिथून एकेक डाव मांडत परत आले. दौलतराव शिंद्यांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी त्यांनी जे देऊ केले त्यात नगरचा किल्ला होता. १७९७ मध्ये तो शिंद्यांच्या ताब्यात गेला. हुसेन निजामशहाने दगडात बांधलेला, भोवती खोल खंदक, बावीस बुरूज. पेशव्यांनी १७५९ मध्ये किल्लेदाराला पैसे देऊन तो मिळवला होता. आता तोच किल्ला देऊन पेशव्यांची गादी मिळवली गेली, आणि तिच्यावर दुसरे बाजीराव बसले.

३१ डिसेंबर १७९७ च्या दिवशी नाना दौलतरावांच्या छावणीत भेटीसाठी गेले. फिलोज नावाच्या इटालियन अधिकाऱ्याने सुरक्षिततेची हमी दिली होती. तिथेच त्यांना पकडले. रात्रभर पुण्यात त्यांच्या माणसांची घरे लुटली गेली. नंतर नानांना नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. त्यांनीच देऊ केलेल्या किल्ल्यात.

महादजी हयात असते तर हे झाले असते का? त्यांनी नानांना दाबले असते, हिशेबावरून छळले असते, कदाचित कारभारातून दूरही केले असते. पण हमी देऊन पकडणे त्यांच्या स्वभावात बसत नाही. पाटीलबावांशी भांडायला नानांकडे वही होती, हरिपंत होते, शपथ होती. सतरा-अठरा वर्षांच्या दौलतरावांशी आणि त्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांच्याशी भांडायला यातले काहीच चालत नव्हते.

खुद्द महादजींच्या घरालाही हे चुकले नाही. त्यांच्या विधवांना दौलतराव नीट वागवत नव्हते. त्यांनी विरोध केला तेव्हा १७९८ मध्ये त्यांची रवानगी करायचे ठरले. बऱ्हाणपूरला नेतो असे सांगितले होते, पण वाटेत कळले की पालख्या नगरच्या किल्ल्याकडे चालल्या आहेत. मुजफ्फरखान नावाच्या पठाण सरदाराने पहारेकऱ्यांवर हल्ला करून त्यांना सोडवले आणि त्यातून शिंद्यांच्या बायांचे बंड पेटले. त्या वर्षी नगरचा किल्ला म्हणजे दोन्ही घरांची तुरुंगकोठडी होऊ पाहत होता. फडणीस आत, आणि पाटीलबावांच्या बायका त्याच दरवाजाच्या वाटेवर. जामगावच्या आणि श्रीगोंद्याच्या शिंद्यांच्या वाड्यांतून या बातम्या पोहोचल्या असतील, तेव्हा तिथल्या जुन्या नोकरमाणसांना काय वाटले असेल?

फौजेचे पगार थकले होते, दौलतरावांना पैसा हवा होता. जुलै १७९८ मध्ये पैशांच्या बदल्यात नानांची सुटका झाली. त्यांनी पुन्हा कारभार हाती घेतला, पण शरीर थकले होते. १३ मार्च १८०० ला ते पुण्यात वारले. रेसिडेंट पामरने लिहिले त्याचा आशय असा, की मराठी राज्यातले शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला. मागे राहिली त्यांची नऊ वर्षांची विधवा जिऊबाई. ती अखेर नानांच्या मेणवलीच्या वाड्यात स्थिरावली, आणि नानांचे दप्तरही तिथेच राहिले. त्या दप्तरावाचून या काळाचा इतिहास लिहिता येत नाही. मराठी रंगभूमीवर मात्र नानांची ओळख १९७२ च्या तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने ठरवली. नाटक थोर आहे. पण नाट्यगृहातून बाहेर पडणाऱ्याने एकदा नगरच्या किल्ल्यातले नानाही पाहावेत.

पुढचे भोगणे या जिल्ह्याच्या वाट्याला आले. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी शिंद्यांचा म्हणून हा मुलूख लुटला. ८ ऑगस्ट १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि चार दिवसांत, १२ तारखेला, किल्लाही पडला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातला दख्खनमधला पहिला मोठा घाव तो. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी लुटालूट आणि अवर्षण यांनी मिळून दुष्काळ आणला, आणि जिल्ह्यातली गावेच्या गावे ओस पडली. त्याचा एखादा पोवाडा ऐकिवात नाही.

आज किल्ला लष्कराकडे आहे. दरवाजावर नोंद करून आत सोडतात. बहुतेकांची पावले १९४२ ते १९४५ या काळात नेहरू आणि त्यांचे सहकारी जिथे कैदेत होते त्या खोल्यांकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. खंदकावरच्या पुलाशी मात्र क्षणभर थांबावे. १७९८ च्या आरंभी फडणिसांना याच खंदकापलीकडे नेले. त्याच वर्षी पाटीलबावांच्या बायकांच्या पालख्या इकडे निघाल्या आणि पोहोचल्या नाहीत. दुपारपर्यंत हे बघून झाले, तर तिसगावला जाणारी गाडी मिळते आणि करंजीचा घाट उजेडात ओलांडता येतो.